चौदा जणींचा एक नंबर

मला धक्का बसायला फार काही लागत नाही. सांबारात मीठ कमी पडलं तरी घरात चोरी झाल्यासारखा चेहरा करतो, असं घरचे म्हणतात. त्यामुळे त्या आठवड्याची गोष्ट मी काढली की आधी सगळे हसून घेतात. हसोत बापडे. त्या आठवड्यात मला बसलेले धक्के खरे होते आणि त्यातला सगळ्यात मोठा मला मीच दिला होता.

तंजावरच्या एका खाजगी रुग्णालयाचा संगणक विभाग मी सांभाळतो. विभाग म्हणजे मी आणि एक खोली. सर्व्हर तापू नये म्हणून त्या खोलीत इतकी थंडी असते की बाहेर लोक उन्हाने करपत असताना मी आत स्वेटर घालून बसलेला असतो. पुण्यात सहा वर्षं नोकरी करून परत आलो, त्याला आता अकरा वर्षं झाली. देवनागरी मला नीट लिहिता येते ती त्या सहा वर्षांमुळे. एरवी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथले मराठी लोक घरात मराठी बोलतो, लिहायची वेळ आली की तमिळ लिपी काढतो आणि चिडलो की तोंडाला येईल ती भाषा वापरतो.

इथल्या नोकरीची खबर मला अक्कांनी दिली होती. अक्का माझ्या आईच्या चुलत घरातल्या आणि रुग्णालयातल्या नर्सिंग ऑफिसच्या प्रमुख. कोणाची ड्यूटी कुठल्या मजल्यावर, कोणाला रजा हवी, कोणाची सासू आजारी आहे, हे सगळं त्यांना तोंडपाठ. एकतीस वर्षं त्यांनी हे काम केलं होतं आणि निवृत्तीला आठ महिने उरले होते. आम्ही दोघं मराठीत, म्हणजे त्या इथल्या जुन्या वळणाच्या आणि मी पुण्याच्या, बोलायला लागलो की बाकीचे कान टवकारायचे, कारण आपल्याबद्दलच काहीतरी चाललंय अशी त्यांची खात्री असायची. बहुतेक वेळा ती खरीही असायची.

त्या वर्षी चेन्नईच्या मुख्य कार्यालयातून हुकूम आला. आता नुसता पासवर्ड चालणार नाही. पासवर्ड टाकल्यावर मोबाइलवर सहा आकडी कोड येईल, तो टाकला की मगच संगणक आत घेईल. पासवर्ड चोरीला गेला तरी चोराच्या हातात आपला फोन नसतो, असा त्यामागचा विचार. विचार उत्तम होता. आमच्याकडे त्याची गरज तर फारच होती. औषधांच्या खिडकीपाशी देवाच्या तसबिरीखाली पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिला रोज हळदकुंकू लागत होतं. ती पाहून मी कपाळावर हात मारून घेतला. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, चिठ्ठी लावल्यापासून एकदाही मशीन बंद पडलेलं नाही.

एकशे तीस माणसं आणि तीन आठवडे. मी वेळापत्रक बनवलं, मजल्यांप्रमाणे याद्या केल्या आणि पहिल्या दिवशी सकाळी नऊला नर्सिंग ऑफिसात जाऊन उभा राहिलो. एकही नर्स पुढे येईना. कारण विचारलं तर कळलं, राहुकाळ संपायचा होता. तो संपल्यावरही कोणी हलेना. पहिली नोंद अक्कांच्या हाताने व्हावी, असं त्यांचं म्हणणं. अक्कांच्या हाताला गुण आहे. नवीन वॉर्ड उघडायचा असो की नवीन रजिस्टर, पहिली ओळ त्यांनीच लिहायची, ही तिथली जुनी रीत. मी चिडलो, घड्याळ दाखवलं, पण शेवटी अक्कांचाच नंबर पहिला घातला. त्यांच्या फोनवर कोड आला, त्यांनी तो मोठ्याने वाचला आणि जमलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

तीन आठवड्यांचं काम मी अडीच आठवड्यांत संपवलं. शंभर टक्के. आमच्या साखळीतल्या एकाही रुग्णालयाने तोवर शंभर टक्के गाठले नव्हते. चेन्नईहून कौतुकाचा मेल आला, तो मी छापून माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवला. येणाऱ्याजाणाऱ्याला तो दिसावा म्हणून पेनस्टँड जरा बाजूला सरकवला, हेही कबूल करतो.

असे पाच आठवडे गेले. मग एका सोमवारी सकाळी साडेनऊला मी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. एक दुरुस्ती घालायची होती, पाच मिनिटांचं काम. असं केलं की सगळे बाहेर फेकले जातात आणि पुन्हा पासवर्ड, पुन्हा कोड टाकून आत यावं लागतं. पावणेदहाला मुलांच्या वॉर्डातून पहिला फोन आला.

"सार, कोड येत नाही." आमच्याकडे सरचं सार होतं.

"फोनला रेंज आहे का बघ."

"फोन अक्कांकडे आहे, सार."

"तुझा फोन त्यांच्याकडे कशाला?"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज. लगेच दुसऱ्या मजल्यावरून फोन आला, तेच उत्तर. मग शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरून, मग तिसऱ्या मजल्यावरून. चौथ्या फोननंतर मी यादी उघडली. नाव, विभाग, नंबर, टिक, असे चार रकाने. पाच आठवडे मी टिकांचा रकाना बघत आलो होतो. नंबरांचा रकाना त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. एकच नंबर पंधरा वेळा होता आणि तो मला पाठ होता, कारण तो अक्कांचा होता; त्यांची स्वतःची ओळ वगळली तरी चौदा.

मी यादी पुन्हा वाचली. पुन्हा चौदा. ज्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप केला, एका माणसाचा एक फोन, तीच गोष्ट चौदा जणींनी माझ्या नाकासमोर गुंडाळून ठेवली होती आणि त्यांच्या मध्यभागी माझ्याच घरातली बाई बसलेली होती. मी अक्कांना फोन लावला. उचलला नाही. अकरा वेळा लावला. मग आठवलं, त्यांनी रजा घेतली होती. त्या दिवशी त्यांच्या यजमानांचं श्राद्ध होतं, तिरुवैयारुच्या घरी.

नंबर बदलायचा तर आधी जुन्या नंबरवर कोड येतो, नाहीतर चेन्नईची मंजुरी लागते आणि तिला दोन दिवस. इकडे वॉर्डात चौदा जणींना रुग्णांचे कागद उघडता येत नव्हते आणि संगणकातून मागणी गेल्याशिवाय औषधं खाली येत नव्हती. बायका चिठ्ठ्या घेऊन जिन्यावरून धावत होत्या. मी स्कूटर काढली आणि पुलामागून पूल ओलांडत तिरुवैयारु गाठलं. वाटभर अक्कांना काय काय सुनवायचं ते ठरवत होतो.

घराबाहेर चपला होत्या. आत केळीची पानं पुसून ठेवलेली. ब्राह्मण यायला अजून वेळ होता. मी उंबऱ्यात पाय ठेवतो न ठेवतो तोच स्वयंपाकघरातून आवाज आला.

"तेथेंच थांब! कशास शिवूं नको. मीं सोवळ्यांत आहें."

"अक्का, फोन!"

"कां? काय झालें?"

"चौदा जणी बाहेर अडकल्यात."

"अय्यो, बाहेर कशा? मीं काल सांगिटलें होतें त्यांस. आठाच्या आंत सगळ्यांनीं कोड घेऊन आंत जाऊन बसा, मग ड्यूटी सरेपर्यंत उठूं नका. मीं सातापासून एकेकीस आकडे सांगून मगच न्हायले."

"मी सर्व्हर बंद केला होता."

"आजच सांपडला तुला दिवस?"

त्या दारात आल्या. नऊवारी नेसलेल्या, केसांना ओली गाठ, हातात डाव. चेहऱ्यावर लाज नाही, भीती नाही, नुसती घाई. मला त्याचाच आणखी राग आला.

"फोन हॉलांत कपाटावर आहे. तूं घे. मीं शिवणार नाहीं. उघडायचा आकडा सांगतें," असं म्हणून त्यांनी तो चार आकडी आकडा इतक्या मोठ्याने सांगितला की शेजारच्या घरातूनही कोणीतरी वाकून पाहिलं. अकरा वर्षं मी लोकांना हेच शिकवत आलो होतो, की हा आकडा नवऱ्यालाही सांगू नका.

मी दाराशेजारच्या तिण्णैवर, म्हणजे आमच्याकडे घराबाहेर असतो त्या ओट्यावर, फोन घेऊन बसलो. माझ्या फोनवर एकेक नर्स आणि अक्कांच्या फोनवर एकेक कोड. कोड एका मिनिटात बाद होतो. मी वाचायचा, तिकडून ती टाकायची, चुकला की पुन्हा. आतून फोडणीचा आवाज आणि त्यावर अक्कांचा.

"आधीं मुलांचा वॉर्ड दे! तेथें लहान बाळें आहेत. मग ऑपरेशनबाहेरची ती. पापनाशम गांवाहून येते ती शेवटीं घे, तिला दमानें सांग, आकडे ऐकतांना घाबरते. दोन दोन आकडे सांग!"

दोन दोन आकडे सांगितल्यावर पापनाशमची पहिल्या फटक्यात आत गेली. बाकी बहुतेकींना मला दोनदा सांगावं लागलं. चौदा जणी व्हायला जवळजवळ तास लागला. तोवर ब्राह्मण आले होते आणि पाय धुवायला कोणी का येत नाही म्हणून माझ्याकडे बघत होते. अक्कांचा मुलगा दर्भ बोटात अडकवून उभा होता. मी फोन कपाटावर ठेवला.

"जेवून जा रे," अक्का आतून म्हणाल्या. "दोनास पानें वाढतील."

मी स्कूटर काढून निघालो. वाटेत राग उतरला नाही, उलट चढला. शंभर टक्क्यांचा तो मेल काचेखाली डोळ्यांसमोर दिसत होता. खोलीत येऊन स्वेटर घातला आणि चेन्नईला मेल लिहिला. गंभीर उल्लंघन, एका कर्मचाऱ्याच्या नंबरवर चौदा खाती. खाली अक्कांचा कर्मचारी क्रमांक. पाठवल्यावर बरं वाटलं. नियम तो नियम, मग तो आपल्या माणसाला का असेना, असं मी स्वतःला दोनतीनदा ऐकवलंसुद्धा.

मला वाटलं होतं, ताकीद देतील. एखादं पत्र, फार तर वार्षिक शेऱ्यात एक ओळ. मंगळवारी सकाळी अक्का कामावर आल्या तेव्हा गेटवरच त्यांचं ओळखपत्र काढून घेतलं. गुरुवारी चेन्नईहून सुरक्षेचे अधिकारी येणार, तोवर आत यायचं नाही. हे मला पहारेकऱ्याने सांगितलं आणि सांगताना तो माझ्याकडे बघेना. एकतीस वर्षं ज्या गेटातून त्या आत आल्या, तिथे उभं राहून त्यांनी एका कागदावर तमिळमध्ये दोन ओळी लिहून दिल्या होत्या. नंबर माझा आहे. जबाबदारी माझी आहे. आणि त्या बस पकडून परत गेल्या. चौदा जणींचे आकडे मात्र त्या घरूनही फोनवर सांगत राहिल्या, हे मला नंतर कळलं.

मी सुन्न झालो. मग नेहमीप्रमाणे त्या सुन्नपणाचा राग केला आणि तो घेऊन मुलांच्या वॉर्डात गेलो. त्या चौदांतल्या पाचसहा जणींना तिथे बोलावून घेतलं. मी तमिळमध्ये जे बोललो ते इथे लिहीत नाही. मतलब इतकाच की आजकाल भिकाऱ्याकडेही फोन असतो, मग तुम्हालाच काय झालं होतं स्वतःचा नंबर द्यायला? तुमच्या आळसापायी त्या बाईंची नोकरी चालली.

पापनाशमची ती, जी आकडे ऐकताना घाबरते, ती म्हणाली, "माझ्याकडे फोन नाही, सार."

"नाही म्हणजे?"

"घरात एक आहे. तो नवरा कामाला नेतो."

मी तिच्या शेजारी उभ्या असलेलीकडे पाहिलं. तिच्या घरचा फोन मुलीच्या कॉलेजसाठी मुलीकडे. तिसरीचा भावाच्या नावावर होता, लग्नानंतर भावाने परत घेतला. चौथी म्हणाली, तिच्याकडे फोन आहे पण सासूच्या कपाटात असतो, रविवारी आईशी बोलायला मिळतो. त्या हे असं सांगत होत्या की जणू बसची वेळ सांगताहेत. आणि मी तिथे तोंड उघडं टाकून उभा. यांच्यातल्या कितीतरी जणींना मी अकरा वर्षं रोज पाहत होतो. मोठमोठी यंत्रं चालवणाऱ्या बायका. सुई टोचताना ज्यांचा हात थरथरत नाही अशा. यांच्या हातात कधी फोन दिसला नाही, हे मला कधी दिसलंच नव्हतं.

"मग नवऱ्याचा नंबर द्यायचा," मी पापनाशमवालीला म्हणालो. आवाज आता उतरला होता.

"दिला होता सार, पहिल्या दिवशी. मी इथून फोन करून कोड मागायची. तो आधी विचारायचा, शेजारी कोण उभं आहे, डॉक्टर बाई आहे का पुरुष. सगळं सांगितलं की मग कोड. एक दिवस दिलाच नाही. म्हणाला, घरी ये, सोड ती नोकरी." ती जरा थांबली. "पुढच्या वेळी त्याने कोड दिला तेव्हा अक्कांनी त्यावरच माझा नंबर काढून स्वतःचा घालायला लावला. मी घरी सांगितलं, आता कोड लागत नाही. म्हणून अक्का काही बोलत नाहीत. हे बाहेर गेलं तर माझं काम सुटेल."

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "पण मला येऊन सांगायचं ना. मी काही तोडगा काढला असता."

यावर त्या एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी त्यांच्यातली वयाने मोठी होती ती हळूच म्हणाली, "आम्ही विचारलं होतं, सार. तुम्हीच तर म्हणालात, कोणाचाही नंबर घाला, पण संध्याकाळच्या आत सगळ्यांच्या टिका दिसल्या पाहिजेत."

"मी?"

"तुम्हीच. शेवटच्या दिवशी. जिन्यात. मी म्हटलं, काहींकडे फोन नाहीत, अक्कांचा चालेल का. तुम्ही म्हणालात, कोणाचाही घाला. आणि निघून गेलात."

मला हे आठवत नाही. आजही आठवत नाही. पण ते वाक्य माझंच आहे, यात शंका नाही. ते इतकं माझं आहे की ती ते बोलली तेव्हा मला माझा आवाजही ऐकू आला. त्या संध्याकाळी मला शंभर टक्के हवे होते. तेवढ्या टिका मिळाल्या की मी घरी जाऊन गरम कॉफी पिणार होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तेच. संन्याशाच्या गळ्यात दोर अडकवून मेल पाठवणाराच चोर होता.

"अक्कांना हे माहीत आहे?" मी विचारलं.

"माहीत आहे ना, सार. आम्ही तेव्हाच सांगितलं होतं." मग माझ्याकडे बघून ती घाईने म्हणाली, "काळजी करू नका. आम्ही कोणाला सांगणार नाही. अक्का म्हणाल्या, सारचं नाव कोणीही काढायचं नाही."

मुलांच्या वॉर्डातल्या खुर्च्या लहान असतात, त्यातल्या एकीवर बसलो. ज्यांच्यावर मी आरोप लिहून पाठवला होता, त्या मला वाचवत होत्या.

बुधवार कसा गेला ते सांगायची लाज वाटते. मी ठरवलं होतं की लगेच चेन्नईला कळवायचं. पण सकाळचं दुपारवर गेलं आणि दुपारचं संध्याकाळवर. लेखी पुरावा कुठे नव्हता. जिन्यातलं एक वाक्य, तेही ज्यांना ऐकू गेलं त्या तोंड शिवून बसलेल्या. मी गप्प राहिलो असतो तर कोणालाही कळलं नसतं. अक्कांचे आठ महिने तसेही संपणारच होते, असाही विचार मी केला. केला, म्हणून लिहितो. मग वाटलं, त्या आठ महिन्यांनंतर गावात, नात्यात, लग्नकार्यात त्यांच्याबद्दल काय बोललं जाईल. एकतीस वर्षं नोकरी केली आणि शेवटी लबाडीत सापडली. आमच्या लोकांत असल्या गोष्टी तीन पिढ्या पुरतात.

गुरुवारी अकराला बैठक. चेन्नईचे अधिकारी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. कर्मचारी विभागाचे प्रमुख त्यांच्या शेजारी. समोर अक्का, मांडीवर हात, हिरवी कांजीवरम नेसून आलेल्या, जशा कोणाच्या लग्नाला याव्यात.

"एक फोन, चौदा खाती," अधिकारी म्हणाले. "आमच्या भाषेत याला एकच नाव आहे, बाई, लबाडी. तुम्हाला काही सांगायचंय?"

"लिहून दिलं आहे," अक्का तमिळमध्ये म्हणाल्या. "नंबर माझा."

"नर्सनी तुम्हाला दिला की तुम्ही मागितला?"

अक्कांनी पदराचं टोक सारखं केलं. अधिकाऱ्यांनी कागद पुढे सरकवला. त्यावर निलंबन असा शब्द होता. कर्मचारी विभागाच्या प्रमुखांनी पेनाचं टोपण काढलं.

"मी सांगितलं होतं," मी म्हणालो. "कोणाचाही नंबर घाला असं मीच त्यांना सांगितलं. टिका हव्या होत्या मला. ज्यांच्याकडे फोन नव्हते त्यांनी विचारलं आणि मी ऐकूनही घेतलं नाही. यांनी फक्त माझं सांगणं पाळलं. यांच्याकडे कोणाचे पासवर्ड नव्हते. कोड आला की तो वाचून दाखवायचा, एवढंच त्या करत होत्या." पापनाशमवालीच्या नवऱ्याचं मी काही बोललो नाही.

मी शिक्षेची वाट पाहत उभा होतो. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते हसले.

"अहो, मग आधी सांगायचं ना," ते म्हणाले. "म्हणजे ही प्रशिक्षणातली चूक आहे. होतं असं. गडबडीत सगळ्यांचंच होतं." त्यांनी निलंबनाचा कागद उचलून फाइलच्या तळाला घातला. "फोन नसलेल्यांसाठी आमच्याकडे कोड दाखवणारं छोटं यंत्र असतं, किल्लीच्या साखळीएवढं. ओळखपत्राबरोबर गळ्यात अडकवायचं. चेन्नईत खोकं भरून पडलीत. एक मेल टाकला असतात तर पाठवली असती."

झालं. चार मिनिटंही लागली नाहीत. जी गोष्ट अक्कांनी केली तेव्हा लबाडी होती, ती माझी ठरल्यावर गडबड झाली. मला ओरडावंसं वाटलं, की अहो, मला काहीतरी शिक्षा करा. निदान रागवा. पण चहा आला आणि अधिकारी मला विचारू लागले की कुंभकोणमला जाणारी बस कुठून मिळते, देवळं बघायची आहेत. अक्कांचं ओळखपत्र पाकिटात घालून त्यांच्या हातात दिलं गेलं. कोणी माफी मागितली नाही. मीसुद्धा नाही, अजून.

आठवडाभरात चौदा यंत्रं आली. पापनाशमवालीने तिचं यंत्र दिवसभर मुठीत धरून ठेवलं होतं, असं मला कळलं. पण ते नंतर.

त्या गुरुवारी मी अक्कांच्या मागोमाग बसथांब्यापर्यंत गेलो. ऊन भयंकर होतं. त्यांनी पदर डोक्यावर घेतला होता. मी म्हणालो, "अक्का, चुकलं माझं. मेल पाठवायला नको होता."

"जाऊं दे," त्या म्हणाल्या.

"तुम्ही माझं नाव का घेतलं नाहीत?"

"तुला येथें मीं आणलें. तुझें नांव कसें घेऊं?" त्या रस्त्याकडे बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. "एक मात्र सांग. सोमवारीं तूं तासभर माझ्या तिण्णैवर बसला होतास. माझ्या फोनांतून चौदा जणींचे आकडे वाचलेस. मीं आंत, तूं बाहेर, मध्यें दहा पावलें. हें असें कां अक्का, म्हणून एकदां तरी विचारायचें होतेंस."

खरं उत्तर मला माहीत होतं. मला विचारायचंच नव्हतं. विचारलं असतं तर काहीतरी कारण निघालं असतं, आणि माझे शंभर टक्के कोणीतरी लुबाडले, एवढंच मला त्या तासात हवं होतं.

"घाईत होतो, अक्का," मी म्हणालो. "वॉर्डातली कामं अडली होती."

तिरुवैयारुची बस वळणावर दिसली. त्यांनी पदर सावरला, पिशवी काखेत घेतली.

"सरि, सार," त्या तमिळमध्ये म्हणाल्या, म्हणजे बरं, सर, आणि बसमध्ये चढल्या.

अकरा वर्षांत त्यांनी मला कधी सार म्हटलं नव्हतं. त्यानंतरचे आठ महिने त्यांनी मला दुसरं काही म्हटलं नाही.